तान्ह्या बाळाला जागेपुरती भूल: बातम्या वाचून घाबरण्याआधी आणि मलम लावण्याआधी

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील चामराजनगर जिल्ह्यातून एक बातमी आली. गुंडलुपेट तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा महिन्यांच्या बाळाचे कान टोचायचे होते. दुखू नये म्हणून बाळाला कानांजवळ भुलीचे इंजेक्शन दिले गेले. त्यानंतर बाळ बेशुद्ध पडले आणि दगावले. जुलै २०२५ मध्ये केरळातील कोझिकोड जिल्ह्यात असेच घडले. सुंतेसाठी एका खासगी दवाखान्यात नेलेले दोन महिन्यांचे बाळ जागेपुरती भूल दिल्यानंतर गेले.

निगडी, यमुनानगर, चिखली, तळवडे या भागात कर्नाटक आणि केरळातून येऊन स्थायिक झालेली अनेक कुटुंबे आहेत. त्यामुळे या बातम्या इथल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर लगेच फिरल्या. त्यानंतर दवाखान्यात पालकांचे दोन प्रकारचे प्रश्न येऊ लागले. काही जण म्हणतात, "डॉक्टर, टाके घालायचे असतील तर तसेच घाला, पण भूल नको." दुसरे म्हणतात, "इंजेक्शन नको, सुन्न करायचे मलम लिहून द्या, आम्ही घरीच लावून आणतो."

दोन्ही प्रश्नांमागे बाळाबद्दलची काळजीच आहे, पण दोन्हींत धोका आहे. पहिल्यात बाळाला विनाकारण वेदना होतात. दुसऱ्यात ज्या औषधाची भीती वाटते तेच औषध मोजमापाशिवाय घरी वापरले जाते. म्हणून या विषयाकडे शांतपणे पाहू.

बातमीतून काय ठरते आणि काय ठरत नाही

एखाद्या बाळाचा मृत्यू नेमका कशाने झाला हे शवविच्छेदन आणि वैद्यकीय चौकशीतून ठरते. बातमीच्या मथळ्यावरून आपण डॉक्टरला दोषी किंवा निर्दोष ठरवू नये. भूल दिल्यानंतर बाळ कोसळण्याची कारणे अनेक असू शकतात:

- औषधाची मात्रा बाळाच्या वजनाच्या मानाने जास्त होणे.
- मात्रा योग्य असूनही सुई चुकून रक्तवाहिनीत जाणे आणि औषध थेट रक्तात उतरणे.
- सोबत दिलेल्या गुंगीच्या औषधाने श्वास मंदावणे.
- नुकतेच दूध पिऊन आलेल्या बाळाला उलटी होऊन दूध श्वासनलिकेत जाणे.
- बाळाला हृदयाचा किंवा इतर आजार असणे आणि तो आधी लक्षात न येणे.
- अ‍ॅलर्जी. लोक सर्वांत आधी हेच कारण सांगतात, पण लिग्नोकेनसारख्या औषधांची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित आढळते.

या यादीतली बरीच कारणे टाळता येतात किंवा वेळीच हाताळता येतात. त्यासाठी वजन मोजलेले हवे, मात्रा आधी ठरलेली हवी आणि बाळाला श्वास देण्याची तयारी त्या खोलीत हवी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधाने झालेले मृत्यू तुम्हाला आठवत असतील. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातली कित्येक मुले मूत्रपिंड निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल झाली होती. त्या औषधातच डायइथिलिन ग्लायकोल हे विष होते. पालकांनी किंवा डॉक्टरांनी थेंब मोजून दिले असते तरी ते औषध सुरक्षित झाले नसते. जागेपुरत्या भुलीची गोष्ट वेगळी आहे. ही औषधे चांगली आहेत, जुनी आहेत आणि जगभर रोज वापरली जातात. इथे प्रश्न मात्रेचा, जागेचा आणि तयारीचा असतो. म्हणूनच पालकांनी विचारलेल्या चार प्रश्नांचा इथे खरोखर उपयोग होतो.

जागेपुरती भूल म्हणजे काय?

पूर्ण भुलीत बाळ झोपी जाते आणि भूलतज्ज्ञ सतत त्याच्याजवळ असतो. जागेपुरत्या भुलीत, म्हणजे स्थानिक भुलीत, बाळ जागे असते आणि फक्त ती जागा बधिर होते. त्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे लिग्नोकेन. यालाच लिडोकेन असेही म्हणतात. स्वीडनमध्ये १९४३ साली ते प्रथम तयार झाले. बुपिव्हाकेन, प्रिलोकेन आणि बेंझोकेन ही त्याच प्रकारच्या कामाची इतर औषधे.

वेदनेचा निरोप मज्जातंतूतून विजेच्या लहरीसारखा मेंदूकडे जातो. ती लहर पुढे सरकण्यासाठी सोडियमचे कण तंतूच्या आत शिरावे लागतात. हे औषध सोडियमची ती वाट काही काळ बंद करते, म्हणून दुखणे जाणवत नाही. पण सोडियमची हीच वाट मेंदूतही आहे आणि हृदयातही. औषध टोचलेल्या जागीच राहिले तर फक्त ती जागा बधिर होते. ते रक्तात जास्त प्रमाणात पोचले तर मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात, श्वास थांबू शकतो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तान्ह्या बाळात धोका जास्त का?

पहिले कारण वजन. साठ किलोच्या माणसाला किरकोळ वाटणारे दोन मिलिलिटर सहा किलोच्या बाळाला किरकोळ नसतात.

दुसरे कारण यकृत. लिग्नोकेनचा निचरा यकृत करते. पहिल्या काही महिन्यांत यकृताचे हे काम पुरते बसलेले नसते, म्हणून औषध शरीरात जास्त वेळ राहते.

तिसरे कारण रक्तातील प्रथिने. मोठ्या माणसात या औषधाचा बराच भाग एका प्रथिनाला चिकटून निष्क्रिय राहतो. तान्ह्या बाळात ते प्रथिन कमी असते. तेवढ्याच मात्रेत मोकळे, म्हणजे परिणाम करणारे औषध जास्त उरते.

चौथे कारण प्रिलोकेन आणि बेंझोकेनच्या बाबतीत महत्त्वाचे आहे. या औषधांमुळे रक्तातील हिमोग्लोबिनचा काही भाग मेथहिमोग्लोबिनमध्ये बदलू शकतो, आणि तो भाग ऑक्सिजन पोचवण्याचे काम करत नाही. मोठ्यांच्या शरीरात एक एन्झाइम हा बदल लगेच दुरुस्त करते. लहान बाळात ते एन्झाइम कमी असते. म्हणून बाळ निळसर किंवा राखाडी दिसू लागते आणि ऑक्सिजन लावूनही रंग सुधारत नाही.

पाचवे कारण साधे आहे. मोठा माणूस सांगतो, "डॉक्टर, तोंडाभोवती मुंग्या येतात, कानात आवाज येतो." या सुरुवातीच्या खुणा असतात आणि त्यावरून आम्ही थांबतो. बाळ हे सांगू शकत नाही. त्याच्यात पहिली दिसणारी खूण झटका किंवा मंदावलेला श्वास ही असू शकते.

एक साधा हिशेब

हा हिशेब तुम्ही स्वतः इंजेक्शन द्यावे म्हणून सांगत नाही. इथे थेंबाथेंबाला किती महत्त्व आहे ते कळावे म्हणून सांगतो.

दोन टक्के लिग्नोकेनच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. अ‍ॅड्रेनालिन नसलेल्या लिग्नोकेनची कमाल मात्रा साधारणपणे दर किलो वजनाला ४.५ मिलिग्रॅम धरतात. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळात ती आणखी कमी करतात, दर किलोला ३ मिलिग्रॅमच्या आसपास.

- ३ किलोचे नवजात बाळ: ९ मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचे अर्धा मिलिलिटरही नाही.
- ६ किलोचे पाच महिन्यांचे बाळ: १८ मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरपेक्षा कमी.
- ६० किलोचा प्रौढ: २७० मिलिग्रॅम, म्हणजे १३ मिलिलिटरपेक्षा थोडे जास्त.

दवाखान्यात मिळणाऱ्या ३० मिलिलिटरच्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम औषध असते. प्रौढाला टाके घालताना पाच मिलिलिटरची सिरिंज भरून घेणे हा रोजचा भाग आहे. हात त्या सवयीने चालला आणि समोर पाच महिन्यांचे बाळ असले, तर मर्यादा ओलांडायला अर्धे मिनिटही लागत नाही. म्हणून बाळासाठी एक टक्क्याचे किंवा त्याहून पातळ औषध वापरणे, एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये आधीच मोजून घेणे, सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहणे आणि थोडे थोडे देणे ही पद्धत आहे. बुपिव्हाकेनची मर्यादा याहून कमी असते आणि त्याचा हृदयावरचा परिणाम जास्त गंभीर असतो.

"मलमच तर आहे"

बधिर करणारे मलम निरुपद्रवी असते हा सर्वांत मोठा गैरसमज. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के असलेले मलम बाळांसाठीही वापरले जाते, पण त्याच्या मर्यादा कडक आहेत:

- तीन महिन्यांपर्यंत किंवा ५ किलोपेक्षा कमी वजन: जास्तीत जास्त १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर जागेवर, एक तासापर्यंत.
- ३ ते १२ महिने आणि ५ किलोपेक्षा जास्त वजन: जास्तीत जास्त २ ग्रॅम, २० चौरस सेंटिमीटर जागेवर, चार तासांपर्यंत.
- ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांत ते सहसा टाळतात.

दहा चौरस सेंटिमीटर म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन. पाच ग्रॅमची छोटी ट्यूब घेतली तरी त्यात दोन महिन्यांच्या बाळाच्या मर्यादेच्या पाचपट मलम असते. "थोडे जास्त लावू, म्हणजे चांगले बधिर होईल" हा विचार इथे चालत नाही.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. लंगोटाने लाल झालेल्या, सोललेल्या किंवा खरूज-गजकर्ण असलेल्या त्वचेतून औषध कितीतरी जास्त शोषले जाते. मलमावर प्लास्टिकची पट्टी बांधली की शोषण आणखी वाढते. बाळाने हात तोंडात घातला तर मलम पोटात जाते. घरातील आजोबांसाठी आणलेली मूळव्याधीची किंवा बधिर करणारी जेली बाळाच्या पुरळावर लावणे धोक्याचे आहे. टॅटू किंवा केस काढण्यासाठी ऑनलाइन मिळणारी मलमे तर घरात बाळाच्या हाती लागतील अशी ठेवूही नका. अशा काही उत्पादनांत जाहीर मर्यादेपेक्षा जास्त लिडोकेन असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे तिथल्या एफडीएने, मार्च २०२४ मध्ये दिला आहे.

दात येताना लावायची जेल

आपल्या भागात तान्ह्या बाळाच्या तोंडात बधिर करणारे औषध बहुतेक वेळा डॉक्टरकडून जात नाही, ते औषधाच्या दुकानातून जाते. आईवडील दोघे कंपनीत, वडिलांची चाकणला रात्रपाळी, बाळ रात्रभर रडते, सकाळी कोणीतरी सांगते म्हणून जेल आणली जाते. बोटावर किती घेतली आणि किती वेळा लावली याची मोजणी कोणीच ठेवत नाही.

याबाबत बाहेरच्या देशांनी स्पष्ट भूमिका घेतली आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये बेंझोकेनबद्दल इशारा दिला आणि मे २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांच्या दातदुखीसाठी बेंझोकेनची उत्पादने विकू नयेत असे कंपन्यांना सांगितले. जून २०१४ मध्ये तोंडात लावायच्या घट्ट लिडोकेन द्रावणावर सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापायला लावला. कारण पाच महिने ते साडेतीन वर्षे वयाच्या मुलांतील २२ गंभीर घटनांची तपासणी झाली होती आणि त्यांत मृत्यूही होते. या द्रावणाच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम लिडोकेन असते. आठ महिन्यांच्या बाळाच्या मानाने ते किती होते हे वरच्या हिशेबावरून तुम्हीच पाहा. ब्रिटनने २०१८ मध्ये लिडोकेन असलेली दातांची उत्पादने फक्त फार्मासिस्टच्या सल्ल्याने मिळतील अशी व्यवस्था केली.

आपल्याकडील काही जेलमध्ये लिग्नोकेनसोबत कोलीन सॅलिसिलेट असते. सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातले औषध. तोंडात लावायच्या अशा जेल १६ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा सल्ला ब्रिटनने २००९ मध्येच दिला.

शिवाय जेलचा फायदाही फारसा नाही. लाळेबरोबर ती काही मिनिटांत गिळली जाते. घसा बधिर झाला तर दूध पिताना ठसका लागण्याची भीती वेगळीच.

जेलऐवजी काय करावे?

- स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरड्या हलकेच चोळा.
- स्वच्छ ओला कपडा किंवा टीथर फ्रिजमध्ये थंड करून द्या. बर्फासारखा गोठवू नका.
- बाळ फारच बेचैन असेल तर वजनानुसार पॅरासिटामॉल द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारा.
- मध आणि टाकणखार हिरड्यांना चोळू नका. वर्षाखालील बाळाला मधामुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो आणि टाकणखारातील बोरॉन विषारी ठरते.
- लवंग तेल लावू नका. थोडेसे पोटात गेले तरी तान्ह्या बाळाच्या यकृताला आणि मेंदूला इजा होऊ शकते.
- १०१ अंशांवर ताप, वारंवार जुलाब, सुस्ती असेल तर "दात येतायत" म्हणून थांबू नका.

कान टोचायला भूल लागते का?

आपल्याकडे बाराव्या दिवशी किंवा बारशाला सोनाराकडून कान टोचण्याची रीत आहे. आता बरेच पालक ते दवाखान्यात करून घेतात. स्वच्छतेच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. पण दवाखाना म्हटले की भुलीचे इंजेक्शन हवेच, असे नाही.

कानाची पाळी टोचायला एक क्षण लागतो. ती वेदना टाळण्यासाठी दोन्ही पाळ्यांत सुई टोचून आत औषध सोडणे म्हणजे एका टोचण्याऐवजी दोनदा टोचणे. औषध आत जाताना चुरचुरतेही, आणि पाळी फुगल्याने भोकाची जागा चुकते. त्या बदल्यात बाळाला औषधाचा धोका मिळतो. हा सौदा तोट्याचा आहे. तान्ह्या बाळाच्या पाळीसाठी भुलीचे इंजेक्शन मागू नका. कोणी सुचवले तर "याशिवाय होणार नाही का?" असे विचारा.

वेदना कमी करायची असेल तर बाळाला अंगावर पाजत टोचून घ्या, घट्ट कुशीत धरा. मलम वापरायचेच असेल तर ते दवाखान्यात, मोजून, डॉक्टरांच्या हातून लावा. घाई नसेल तर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी पूर्ण झाल्यावर कान टोचा. तोवर धनुर्वाताविरुद्धचे संरक्षण तयार झालेले असते आणि बाळाचे वजनही वाढलेले असते. घरातल्या आजींना हे पटवताना एवढेच सांगा की रीत मोडायची नाही, फक्त तीन-चार महिने पुढे न्यायची आहे.

लसीच्या आधी मलम?

दर लसीच्या आधी बधिर करणारे मलम लावावे का, असेही विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीच्या वेदनेबद्दल सल्ला दिला. त्यात बाळाला कुशीत धरणे, लस देताना किंवा आधी अंगावर पाजणे आणि सर्वांत दुखणारी लस शेवटी देणे यांवर भर आहे. खर्च आणि लागणारा वेळ पाहता सरकारी लसीकरणात मलमाची शिफारस केलेली नाही. चौदाव्या आठवड्याला एकाच भेटीत दोन-तीन ठिकाणी टोचावे लागते. सगळीकडे मलम लावले तर लहान बाळाची मर्यादा सहज ओलांडली जाते. महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टर "बाळाला पाजायला घ्या" म्हणतात ती वेदना कमी करण्याची सिद्ध झालेली पद्धत आहे.

भूल जेव्हा हवीच

इथपर्यंत वाचून "मग भूलच नको" असे मनात येईल. तसे करू नका. पाळण्यातून पडून कपाळ फाटले, गळू फोडायचे आहे, पाठीतून पाणी काढायचे आहे, सुंता किंवा जिभेखालचा पडदा मोकळा करायचा आहे, अशा वेळी वेदना थांबवणे हा उपचाराचाच भाग आहे.

एक काळ असा होता की नवजात बाळाला वेदना कळत नाही असे डॉक्टरच मानत. अनेक देशांत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया अगदी अपुऱ्या भुलीत होत. ही समजूत बदलण्यात कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाने दाखवले की पुरेशी वेदनाशामक भूल मिळालेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि नंतरचे त्रासही कमी होतात. बाळ बोलत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असे नाही. हातपाय धरून टाके घातले तर बाळ हलते, टाका वाकडा जातो आणि जखमही वाढू शकते.

म्हणून दोन गोष्टी आधी ठरवा. हे काम आत्ता करणे गरजेचे आहे का? असेल तर ते कुठे केले तर सुरक्षित होईल? कान टोचणे थांबू शकते. सुंताही बाळ आजारी असेल किंवा वजन कमी असेल तर थांबू शकते, आणि ती करताना बाळांची सवय असलेले डॉक्टर निवडता येतात. फाटलेले कपाळ थांबू शकत नाही, पण ते कुठे शिवायचे हे तुम्ही निवडू शकता.

डॉक्टरांना हे विचारा

विचारायला संकोच करू नका. बाळांवर काम करणाऱ्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

१. आज बाळाचे वजन केले का? "साधारण सहा किलो असेल" हे उत्तर पुरेसे नाही. घरून निघताना लसीकरणाचे कार्ड घ्या.

२. कोणते औषध, किती टक्क्यांचे आणि या वजनाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर? हे केसपेपरवर लिहून घ्या.

३. सोबत गुंगीचे औषध देणार का? देणार असाल तर बाळाकडे लक्ष ठेवायला वेगळी व्यक्ती असेल का? गुंगी द्यायची असल्यास पोट रिकामे लागते. साधारण नियम आईच्या दुधासाठी ४ तास आणि वरच्या दुधासाठी ६ तासांचा आहे.

४. ऑक्सिजन, बाळाच्या मापाचा मास्क आणि श्वास देण्याची पिशवी, घशातील स्राव ओढण्याचे यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे आहे का?

५. नंतर किती वेळ थांबायचे? काही झाले तर बाळाला कुठे हलवायचे? निगडीहून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात संध्याकाळच्या गर्दीत किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे पहिली मदत जागेवरच मिळायला हवी.

तुम्हीही डॉक्टरांना सांगायचे असते. बाळ किती आठवड्यांनी जन्मले, जन्मानंतर काचेच्या पेटीत होते का, हृदयाचा, यकृताचा किंवा झटक्यांचा आजार आहे का, कोणती औषधे चालू आहेत, जी-६-पीडीची कमतरता कुटुंबात आहे का. आणि एक प्रश्न बहुतेक पालकांकडून राहून जातो: आज घरी कोणते मलम, जेल किंवा स्प्रे लावला होता का? दोन्ही मात्रा शरीरात एकत्र मोजल्या जातात. घरी लावलेले लपवले तर डॉक्टरांचा हिशेब चुकतो.

धोक्याच्या खुणा

इंजेक्शननंतर त्रास बहुधा काही मिनिटांत सुरू होतो. मलम किंवा जेलनंतर तो एक-दोन तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसू शकतो. या खुणा पाहा:

- ओठ, जीभ, नखे निळसर किंवा अंग राखाडी दिसणे
- बाळ अचानक सैल पडणे, उठवूनही न उठणे, दूध न ओढणे
- हातापायांना बारीक कंप, डोळे एका बाजूला वळणे, झटके
- श्वास खूप मंद किंवा खूप जलद होणे, श्वासात खंड पडणे

यातले काहीही दिसले तर मलम लगेच पुसून ओल्या कपड्याने जागा स्वच्छ करा. बाळाला कुशीवर ठेवा. तोंडात पाणी, दूध, साखर काहीही घालू नका. उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या, ऑक्सिजन असलेल्या रुग्णालयात थेट जा. ट्यूब किंवा बाटली सोबत न्या. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करा आणि फोनवरील मदतनीस सांगतील तसे करा.

रुग्णालयात यावर उपचार आहेत. श्वास सांभाळणे आणि झटके थांबवणे हे पहिले काम. गंभीर विषबाधेत शिरेतून २० टक्के स्निग्ध द्रावण देतात. ते रक्तातील औषध हृदय आणि मेंदूपासून दूर खेचते. मेथहिमोग्लोबिनसाठी मिथिलीन ब्लू हे औषध असते, पण जी-६-पीडीची कमतरता असलेल्या बाळाला ते चालत नाही. म्हणूनच तो प्रश्न आधी विचारायचा असतो.

व्यवस्थेने काय करायला हवे

सगळी जबाबदारी पालकांवर टाकून चालणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असलेल्या सर्दीच्या मिश्रणावर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" असे छापण्याचा आदेश दिला. हिरड्यांना लावायच्या बधिर करणाऱ्या जेलवर असाच ठळक वयाचा इशारा मराठी आणि हिंदीत हवा. आई ट्यूबवरचे बारीक इंग्रजी अक्षर रात्री दोन वाजता वाचत बसत नाही. दुकानदारानेही "बाळ किती महिन्यांचे?" हे विचारल्याशिवाय अशी जेल देऊ नये.

लहान दवाखान्यांबाबत माझे मत असे आहे की, जिथे बाळाला इंजेक्शनची भूल दिली जाते तिथे वजनकाटा, बाळाच्या मापाचा मास्क आणि भिंतीवर मात्रेचा तक्ता या तीन गोष्टी असायलाच हव्यात. तिन्हींचा मिळून खर्च फार नाही. तिथे बाळाच्या मापाचा मास्क नसेल तर बाळाला पुढे पाठवणे हाच योग्य उपचार.

कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम झाला असे वाटले तर भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पालकही कळवू शकतात. अशा नोंदी जमा झाल्या की नियम बदलतात. अमेरिकेतला २०१४ चा इशारा अशाच नोंदींतून आला.

आज घरी एक काम करा. औषधांचा डबा उघडा. दात येतानाची जेल, मूळव्याधीची जेली, सुन्न करणारा स्प्रे, टॅटूचे मलम यांपैकी जे काही असेल ते बाळाच्या औषधांपासून वेगळे, उंच कपाटात ठेवा. जेल बाळासाठीच आणली असेल तर ती वापरणे थांबवा आणि पुढच्या लसीच्या दिवशी डॉक्टरांना ट्यूब दाखवा.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या बाळाला कोणते औषध किती द्यायचे, हे त्याला तपासणारे डॉक्टरच ठरवू शकतात.)